गिरणारे परिसरातली एक जीप: उजवीकडे झुकलेल्या गाडीच्या पाट्यांची तपासणी आणि दुरुस्ती

गाडी महिंद्रा एमएम ५४०. चारही चाकांना ओढ, पुढे-मागे अखंड अॅक्सल आणि चारही कोपऱ्यांवर पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. मालक नाशिकजवळच्या गिरणारे परिसरातले द्राक्षबागायतदार. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो. द्राक्षांचा हंगाम संपल्यावर, पाऊस सुरू व्हायच्या आत त्यांनी गाडी आणून लावली. "उजव्या अंगाला बसलीय. मागचे पाटे बदलून टाक."

मागून पाहिलं तर त्यांचं म्हणणं खरंच वाटत होतं. मागचा उजवा कोपरा स्पष्ट खाली होता, आणि मागे चालणाऱ्या प्रत्येकाला तोच दिसायचा. मागचे पाटे मात्र आम्ही बदलले नाहीत. बिघाड पुढच्या उजव्या कोपऱ्यात निघाला. तो कसा सापडला आणि दुरुस्तीत काय केलं, ते इथे सविस्तर मांडतो आहे. नाशिक जिल्ह्यात पाट्यांवर चालणाऱ्या गाड्यांची संख्या मोठी आहे. जुन्या जीप आहेत, २०१० साली आलेली पहिली थार आहे, बोलेरो आहे, बागेतला माल ओढणाऱ्या पिकअप आहेत. गाडी झुकली की या सगळ्यांना बहुतेक ठिकाणी एकच औषध मिळतं: एक पाटा वाढवा. ते औषध का चुकतं, हे या एका गाडीवरून चांगलं समजतं.

गाडीवर आधी झालेली कामं

हंगामात ही जीप द्राक्षांचे क्रेट वाहते. एरवी मागे फवारणीच्या पाण्याची ५०० लिटरची टाकी असते. टाकी भरली की पाण्याचंच वजन ५०० किलो, आणि ते घेऊन बागेतले बांध, चर, ओढ्याचे उतार पार करायचे. टाकी अर्धी भरलेली असली की पाणी हिंदकळतं आणि एका बाजूच्या पाट्यांवर क्षणभर जास्तीचा भार येतो. संध्याकाळी काम संपलं की टाकी तशीच भरलेली ठेवून गाडी शेडमध्ये उभी राहायची.

दोन वर्षांपूर्वी गाडी झुकायला लागली, तेव्हा एका दुकानात मागच्या उजव्या संचात (त्या कोपऱ्यावरच्या पाट्यांच्या जुडीत) जाड पाटा घातला गेला. त्यानंतर झुकाव थोडा कमी झाला, पण रिकामी गाडी उजवीकडून दणके द्यायला लागली. पुढे झुकाव पुन्हा वाढला. शिवाय स्टिअरिंग उजवीकडे ओढायला लागलं. चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं तरी फरक पडला नाही. दुसऱ्या कुणी तरी उजवीकडे लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) लावायचा सल्ला दिला होता. तो आप्पांनी ऐकला नाही, हे बरं झालं.

त्यांच्या बोलण्यातली आणखी एक गोष्ट मी वेगळी लिहून ठेवली: "भरली की जरा सरळ होते." ओझं टाकल्यावर झुकाव कमी होतो, याचा अर्थ दोन बाजूंच्या पाट्यांची ताकद सारखी नाही. ही खूण मालकाच्या तोंडूनच कळते. गाडी शेडमध्ये उभी असताना ती दिसत नाही.

मापं कुठून कुठे घ्यायची

बहुतेक लोक जमिनीपासून मडगार्डपर्यंत टेप लावतात. जीपमध्ये हे माप फसवं असतं. टायरमधली हवा, फरशीचा उतार, बॉडीखाली दबलेली रबरं, कधी तरी ठोकून सरळ केलेलं मडगार्ड, हे सगळं त्या एका आकड्यात येतं. पाट्यांचं काम चेसिस (गाडीचा सांगाडा) आणि अॅक्सल यांच्यामध्ये चालतं, म्हणून माप तिथलंच हवं. आम्ही अॅक्सलच्या नळीच्या वरच्या बाजूपासून चेसिसच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर घेतलं, चारही कोपऱ्यांवर नेमक्या जुळत्या जागी.

त्याआधी टायरमधली हवा सारखी केली, टाकी आणि सामान उतरवलं आणि गाडी थोडी पुढे-मागे ढकलली. पाट्यांमध्ये गंज असला की ते एकमेकांना धरून ठेवतात. गाडी वर उचलून सोडली तर एक माप येतं, खाली दाबून सोडली तर दुसरं. या गाडीत हा फरक काही कोपऱ्यांवर १० मिमीपर्यंत होता. म्हणून प्रत्येक कोपऱ्याची दोन्ही मापं घेऊन त्यांची सरासरी काढली. मग गाडी त्याच जागी उलट्या तोंडाने उभी करून सगळं पुन्हा मोजलं, म्हणजे फरशीच्या उताराचा संशय उरत नाही.

मापं अशी आली. पुढे डावीकडे १२६ मिमी, उजवीकडे १०४. मागे डावीकडे १३९, उजवीकडे ११५. म्हणजे पुढे २२ मिमीचा फरक आणि मागे २४ मिमीचा. मागे २० किलोचे २० क्रेट ठेवून पाहिलं तर मागचा फरक १६ वर आला. आप्पांचं वाक्य खरं ठरलं.

आता प्रश्न असा की दोन्हीकडे फरक जवळजवळ सारखाच असेल, तर दोष पुढच्या पाट्यांचा की मागच्या? चेसिस बऱ्यापैकी ताठ असते. खाटेचा एक पाय आखूड झाला तर कलंडते सगळी खाट, तसंच इथे होतं. पुढचा एक संच बसला की चेसिस पुढे-मागे दोन्हीकडे त्याच बाजूला कलते. उंचीच्या नुसत्या आकड्यांवरून दोष कोणत्या कोपऱ्यातला आहे हे ठरवता येत नाही, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

हे वेगळं करायची एक सोपी चाचणी आहे. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले. पुढच्या क्रॉसमेंबरच्या (चेसिसच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मध्यावर, लाकडाचा अरुंद तुकडा ठेवून ट्रॉली जॅक लावला आणि पुढची चाकं जमिनीवरून जेमतेम सुटेपर्यंत गाडी उचलली. आता पुढचा भार एकाच बिंदूवर होता, त्यामुळे पुढच्या पाट्यांना चेसिस कलवता येत नव्हती. मागे जो झुकाव उरेल तो फक्त मागच्या पाट्यांचा. दोन्ही बाजूंना थोडं अंतर सोडून स्टँड ठेवले होते, आणि माप घेताना गाडीखाली कुणीही शिरलं नाही. अशी एका बिंदूवर तोललेली गाडी सहज डुलते, म्हणून या चाचणीत घाई नको.

मागचा फरक २४ वरून ९ मिमीवर आला. मग हीच चाचणी उलटी केली, मागची बाजू मध्यावर उचलून पुढचं माप घेतलं. पुढचा फरक २२ वरून ३८ वर गेला.

म्हणजे पुढचे पाटे गाडीला आणखी जास्त कलवायला बघत होते आणि मागचे पाटे तिला सावरत होते. जो कोपरा सगळ्यांना खराब दिसत होता, तो दुसऱ्या कोपऱ्याचं दुखणं सोसत होता.

टेप हातात होताच, म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतरही दोन्ही बाजूंनी मोजलं. उजवीकडे ते ७ मिमीने कमी भरलं. पुढचा अॅक्सल उजवीकडे मागे सरकला होता. उजवं चाक मागे गेलं की अख्खा अॅक्सल उजवीकडे तोंड करतो, आणि गाडी उजवीकडे ओढते. अलाइनमेंटच्या दुकानात टो (पुढची चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप) जुळवून हे जाणार नव्हतं.

खोलल्यावर काय दिसलं

पुढची बाजू चेसिसखाली भक्कम स्टँड लावून उचलली आणि अॅक्सलला जॅकचा वेगळा आधार दिला. उजवीकडच्या यू-बोल्टच्या (पाटे अॅक्सलला आवळून धरणाऱ्या बोल्टच्या) नटांना पाना लावला तर ते अपेक्षेपेक्षा फारच सहज फिरले. तिथेच उलगडा व्हायला लागला.

संच टेबलावर घेऊन दोन मोठ्या सी-क्लॅम्पमध्ये आवळला आणि मगच सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध जोडणारा) सोडला. ही पायरी कुणीही गाळू नये. आवळलेल्या पाट्यांत बराच ताण साठलेला असतो. क्लॅम्प न लावता नट काढला तर पाटे उसळून हाताची बोटं मोडू शकतात.

वरून तिसरा पाटा मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकातून आरपार तुटलेला होता. दोन्ही तुकडे आपापल्या जागी व्यवस्थित बसलेले. एका बाजूला यू-बोल्टची प्लेट, दुसऱ्या बाजूला क्लिप, मध्ये गंज. त्यामुळे बाहेरून काहीही दिसत नव्हतं. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग जुना, काळपट आणि गुळगुळीत होता, आणि एका कडेची थोडी जागाच खडबडीत आणि ताजी. म्हणजे पाटा एका दणक्यात मोडला नव्हता. भोकाच्या काठाला चीर पडली, ती थोडी थोडी सरकत गेली आणि शेवटी उरलेला भाग सुटला.

पाटा कुठे तुटला यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. मधोमध, भोकापाशी तुटला तर पहिला संशय ढिल्या यू-बोल्टवर घ्यावा. यू-बोल्ट नीट आवळलेले असतील तर पाट्यांचा मधला भाग अॅक्सलच्या बैठकीला घट्ट चिकटून राहतो आणि वाकतच नाही. भोकामुळे तो पाट्याचा सगळ्यात कमजोर भाग असतो, पण तिथे वाकणंच होत नसल्याने त्रास होत नाही. यू-बोल्ट सैल झाले की तोच भाग वाकायला लागतो. शिवाय ब्रेक मारताना अॅक्सलला जागेवर धरण्याचं काम एकट्या सेंटर बोल्टवर येतं. या बोल्टची मान झिजून बारीक झाली होती आणि बैठकीतलं भोक लांबट झालं होतं. ते ७ मिमी तिथून आले.

दोन्ही पुढचे संच शेजारी ठेवून कमान, म्हणजे पाट्यांचा बाक, मोजली. दोन्ही डोळ्यांच्या (मुख्य पाट्याच्या टोकांना वळवून केलेल्या भोकांच्या) मध्यांतून दोरी ताणायची आणि मधोमध दोरीपासून पहिल्या पाट्यापर्यंतचं अंतर घ्यायचं. डावा ९१ मिमी, उजवा ६५.

मागचे संच काढले तेव्हा तिथली हालत बरी निघाली. एकही पाटा तुटलेला नव्हता. उजव्या संचात घातलेला जास्तीचा पाटा इतरांपेक्षा जाड होता आणि जवळजवळ सपाट होता. त्याच्या दोन्ही टोकांनी वरच्या पाट्याला आडवे खोलगट चरे पाडले होते. आणखी एक-दोन हंगाम गेले असते तर वरचा पाटा त्याच रेषेवर तुटला असता, असं मला वाटतं.

पाटा वाढवला की काय होतं

"पाटे नरम झाले" असं आपण सहज म्हणतो. पोलाद मात्र असं नरम होत नाही. पाटा नवा असो की बसलेला, जाडी तीच असेल तर तेवढ्याच ओझ्याला तो तेवढाच दबतो. बसलेल्या पाट्याने गमावलेली असते ती कमान. भरलेल्या गाडीला खड्ड्यात जोराचा दणका बसला की पाट्याच्या पृष्ठभागावरचा ताण पोलादाच्या सोसण्यापलीकडे जातो आणि पाटा पूर्वीच्या जागी पूर्ण परत येत नाही. प्रत्येक वेळी नजरेला न दिसणारा फरक पडतो, आणि काही वर्षांनी तो साठून दिसायला लागतो. याला अपवाद आहे गंजाने झिजलेल्या पाट्यांचा. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ६ मिमीचा पाटा झिजून साडेपाच झाला तर त्याचा ताठरपणा जवळपास २३ टक्क्यांनी घटतो. म्हणून खोललेला प्रत्येक पाटा व्हर्नियरने (बारीक मापाच्या कॅलिपरने) मोजावा. आप्पांच्या गाडीतले पाटे गंजलेले होते, पण झीज किरकोळ होती.

हाच घनाचा हिशेब उलट लावला की जाड पाट्याचा परिणाम कळतो. ६ मिमीच्या पाट्यांत ८ मिमीचा एक पाटा घातला, तर तो एकटा ६ मिमीच्या सव्वादोन पाट्यांहून जास्त ताठर असतो. गेलेली असते उंची, आणि आपण देतो ताठरपणा. रिकाम्या गाडीत ती बाजू आदळते. भरलेल्या गाडीत दुसरी बाजू जास्त दबते, म्हणून झुकाव बदलतो. एका बाजूचं मागचं चाक जमिनीवर नीट टेकून राहत नाही, आणि ओल्या चढावर जिथे चारही चाकांची गरज असते तिथेच एक चाक हलकं पडतं.

दुसरी अडचण कमानीच्या मेळाची. मूळ संचातला प्रत्येक खालचा पाटा वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकवलेला असतो. सुटे पाटे एकावर एक ठेवले तर मधे फट दिसते. सेंटर बोल्ट आवळला की ती फट मिटते आणि वरच्या मुख्य पाट्याला उलट दिशेचा थोडा ताण मिळतो, त्यामुळे त्याच्यावरचा कामाचा ताण हलका होतो. कुठून तरी आणलेला सपाट पाटा मधे सारला की हा मेळ बिघडतो. तो पाटा जिथे संपतो तिथे वरचे पाटे एकदम वाकतात. आधी सांगितलेले खोलगट चरे त्याचेच होते.

लांब शॅकलबद्दलही थोडं सांगतो, कारण तो सल्ला अजूनही दिला जातो. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतं, त्यामुळे ५० मिमी लांब शॅकल लावलं तर गाडी साधारण २५ मिमीच उठते. पुढे ते लावलं की अॅक्सलचा कोन फिरतो, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) बदलतो आणि स्टिअरिंगचं वागणं बदलतं. एकाच बाजूला लावलं तर अॅक्सलला पीळ पडतो. झुकलेल्या गाडीवर हा उपाय मी करणार नाही.

काय ठरवलं, आणि चाचांचं काम

पुढचे दोन्ही संच नवे घ्यायचं ठरलं. तुटलेला पाटा तेवढा बदलता आला असता, आणि खर्च पाहून आप्पांनी तसं विचारलंही. पण ज्या ढिलेपणाने तिसऱ्या पाट्यात चीर पडली, तोच ढिलेपणा त्याच्या शेजारच्या पाट्यांनीही सोसलेला होता. पुढचा मुख्य पाटा स्टिअरिंगच्या अॅक्सलला धरून ठेवतो. तिथे अर्धवट भरवशाचं काम नको. एकाच बाजूचा नवा घेतला असता तर झुकाव उलट बाजूला दिसला असता, म्हणून जोडीने. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करण्याचा तर विचारही करू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि पाटा तिथेच पुन्हा तुटतो.

मागचे संच मात्र वाचवण्यासारखे होते. ते घेऊन आम्ही आग्रा रोडलगतच्या एका जुन्या कमानवाल्या (पाट्यांना पुन्हा कमान देणाऱ्या) चाचांकडे गेलो. ट्रकच्या पाट्यांवर त्यांचं आयुष्य गेलंय. ते पाटा तापवायला गॅसचा नळा वापरत नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, "पाटा तापवला की तो पाटा राहत नाही बेटा, पट्टी होते."

यामागचं कारण पक्कं आहे. ईएन ४५ किंवा एसयूपी ९ सारखं स्प्रिंगचं पोलाद कारखान्यात साधारण ८५० ते ९०० अंशांपर्यंत तापवून तेलात थंड करतात आणि मग ४०० ते ५०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात, म्हणजे टेम्पर करतात. नळ्याने पाटा लाल केला की ही सगळी प्रक्रिया त्या जागेपुरती पुसली जाते. तो भाग हवेत थंड झाला तर मऊ राहतो आणि थोड्याच दिवसांत बसतो. वरून पाणी मारलं तर काचेसारखा तडकतो. तापवूनच कमान द्यायची असेल तर अख्खा पाटा भट्टीत घालून, तेलात विझवून, पुन्हा टेम्पर करायला हवा. नळा आणि बादली घेऊन हे होत नाही.

चाचा थंड पाट्यावरच काम करतात. आधी फरशीवर खडूने कमान आखली. मुख्य पाटा दोन टेकूंवर, पोट खाली करून ठेवला आणि आतल्या बाजूने घणाचे सारखे, जवळजवळचे घाव घालत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. एकाच जागी मोठा घाव घातला तर तिथे कोन पडतो, कमान होत नाही. प्रत्येक पाटा आखणीवर ठेवून पाहायचा, मग त्याखालचा त्याहून किंचित जास्त वाकवायचा. दोघांमधली फट ते बोटाने चाचपून ठरवतात.

थंड कमानीची एक मोठी उणीव आहे. ती समजून घेतली नाही तर काम काही महिन्यांत फुकट जातं. ओझं आल्यावर पाटा सरळ होऊ पाहतो, म्हणजे त्याच्या आतल्या, वरच्या पृष्ठभागावर ताण येतो. कमान देताना आपण तोच पृष्ठभाग आत दाबतो. घण उचलल्यावर तिथे ओढीचा ताण साठून राहतो, आणि पुढे ओझ्याचा ताणही त्याच दिशेने येऊन मिळतो. म्हणून नुसती ठोकलेली कमान लवकर उतरते. यावर उपाय असा की हवी त्यापेक्षा थोडी जास्त कमान द्यायची आणि मग जोडलेला संच प्रेसखाली सपाट होईपर्यंत दाबून सोडायचा, असं काही वेळा करायचं. पहिल्या दाबाला कमान थोडी उतरते, दुसऱ्याला त्याहून कमी, आणि मग ती थांबते. जी उरते तीच खरी. स्प्रिंगच्या कारखान्यातही नव्या पाट्यांना असाच दाब देऊन बसवतात. चाचांच्या शेजारी हायड्रॉलिक प्रेस असलेलं दुकान होतं, तिथे हे करून घेतलं.

जाड पाटा काढून टाकल्यावर मागच्या उजव्या संचाची कमान १०१ मिमी भरली होती, डाव्याची ११८. ठोकून आणि दाबून झाल्यावर उजवा १२७ वर थांबला, डावा १२४ वर. जास्त कमानीचा संच मुद्दाम उजवीकडे घेतला. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, आणि ही गाडी बहुतेक वेळा एकटे आप्पाच चालवतात.

पाटे जोडण्याआधी गंज ब्रशने काढून मधे ग्राफाइट ग्रीसचा पातळ हात दिला. पाट्यांवर जळकं इंजिन ऑइल ओतायची सवय आपल्याकडे फार आहे. त्याने चार दिवस आवाज बंद होतो, पण बागेतली माती त्यात मिसळून घासणीची पेस्ट तयार होते, आणि तेल डोळ्यांतल्या बुशच्या रबराला लागून ते फुगतं.

जोडणी

यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट चारही कोपऱ्यांवर नवे घातले. यू-बोल्ट एकदा पूर्ण आवळला की ताणला जातो. जुना परत वापरला तर तो तेवढा दाब धरत नाही. पुढच्या उजव्या बैठकीतलं लांबट झालेलं भोक भरून, गोल करून घेतलं. हे राहिलं असतं तर नवा सेंटर बोल्टही तिथे खेळला असता. बैठकीवरचा रंगाचा जाड थर घासून काढला. रंग दबत जातो आणि यू-बोल्ट आपोआप सैल होतो. आधीच्या कामात बैठकीवर रंगाचे थर तसेच ठेवून बोल्ट आवळले होते, आणि ढिलेपणाची सुरुवात तिथूनच झाली असावी असा माझा अंदाज आहे.

डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट हाताने लावून ठेवले, पूर्ण आवळले नाहीत. गाडी चाकांवर उतरवली, दोघंतिघं चढून तिला हलवलं, मग गाडीचं वजन पाट्यांवर असताना ते आवळले. रबरी बुश ज्या स्थितीत आवळला जातो ती त्याची विश्रांतीची स्थिती. गाडी हवेत असताना आवळला तर चाकांवर आल्यावर तो कायम पिळलेला राहतो, गाडीला खोटी उंची देतो आणि काही महिन्यांत फाटतो. नवे पाटे घालून गाडी तिरकीच राहिल्याच्या कित्येक तक्रारींमागे एवढंच कारण असतं. यू-बोल्टही वजनावरच, समोरासमोरचे आळीपाळीने, चारही बाजूंनी सारखे आवळले.

उंची बदलली की आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. ब्रेकचे होस पूर्ण लोंबलेल्या अॅक्सलला पुरतात का, शॉकअॅब्सॉर्बर तळाला किंवा टोकाला आदळत नाहीत ना, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट हलके फिरतात का. इथे सगळं ठीक होतं. ज्या पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब गाडीच्या उंचीवरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे पाटे उचलल्यावर तो व्हॉल्व्ह नव्याने जुळवावाच लागतो. नाही तर भरलेल्या गाडीलाही तो रिकामी समजतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात.

नंतरची मापं

आप्पा चालकाच्या जागी बसलेले असताना पुढे उजवी बाजू ३ मिमीने खाली, मागे ५ मिमीने. रिकाम्या गाडीत उजवी बाजू किंचित वर. २० क्रेट ठेवल्यावर मागचा फरक वाढला नाही, कारण आता दोन्ही बाजूंचा ताठरपणा सारखा आहे. चाकांमधलं अंतर दोन्हीकडे सारखं भरलं आणि गाडी सरळ जायला लागली.

मडगार्डपाशी मात्र अजूनही ८ मिमीचा फरक दिसतो. उजवीकडची बॉडीची रबरं दबलेली आहेत. चेसिस सरळ आहे हे आकड्यांनी दाखवल्यावर आप्पांनी ते काम पुढच्या वर्षावर टाकलं. ते मलाही पटलं.

साधारण ५०० किलोमीटर झाल्यावर गाडी परत बोलावून यू-बोल्ट तपासले. चारही कोपऱ्यांवर थोडी आवळायची जागा निघाली, पुढे मागच्यापेक्षा जास्त. नवे पाटे, नवे बोल्ट असले की हे होतंच. आवळणी एकदाच करून गाडी सोडून दिली असती तर दोन वर्षांनी ढिलेपणाची तीच गोष्ट पुन्हा घडली असती.

त्यानंतर पावसाळाभर गाडी बागेत, पेठ रस्त्याला आणि त्र्यंबकच्या बाजूला फिरली. पाऊस संपल्यावर पुन्हा मोजली. पुढचे नवे संच डावीकडे ६ आणि उजवीकडे ७ मिमी बसले होते. मागचे ठोकलेले संच उजवीकडे ५ आणि डावीकडे ४. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच बसल्या, म्हणून झुकाव परत आला नाही. मागचा उजवा शॅकलचा बुश थोडा फाटायला लागलाय, तो द्राक्षाची तोडणी सुरू व्हायच्या आत बदलायचा आहे. पाण्याची टाकी आता आडव्या फळ्या असलेली घेतली आहे, म्हणजे पाणी एका अंगाला धावत नाही, आणि आप्पा ती रात्री रिकामी करून ठेवतात.